टेट-आर आणि त्याचं डीएनए पकडणारं डोमेन : जळगावच्या बेंचवरच्या नोंदी

काम थोडक्यात : टेट-आर घराण्यातल्या जिवाणू-प्रोटीनांत सुरुवातीच्या पन्नासेक अमिनो आम्लांत एकच घडण सापडते, हेलिक्स-टर्न-हेलिक्स (दोन मळसूत्रं, मधे वळण, डीएनए धरणारी), पुढे 'एचटीएच'. घराण्याचा म्होरक्या म्हणजे टीएन-१० (टेट्रासायक्लिन-प्रतिकार घेऊन जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) मधला टेट-आर; औषध नसताना तो प्रतिकाराचं जनुक बंद ठेवतो. तो बनवायचा, शुद्ध करायचा, त्याच्या ऑपरेटरवर (डीएनएवरची त्याची ठरलेली जागा) बसवून जेलवर दाखवायचा आणि टेट्रासायक्लिन टाकून उठवायचा. कॉलेजची साधी लॅब, उणे ८० चा फ्रीझर नाही, थंड होणारा शेकर नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार पट्ट्यात कुणी हे करणार असेल तर वेळ आणि पैसा कुठे गेला ते तारखेवार खाली आहे.

१८ फेब्रुवारी

आधी संगणकावर. ई. कोलाय के-१२ च्या सुमारे ४,३०० प्रोटीनांत हे डोमेन किती जणांत आहे ते पाहायचं होतं. टेट-आरचा पूर्ण २०७ आम्लांचा क्रम घेऊन ब्लास्ट (मिळतेजुळते क्रम शोधणारं साधन) केलं, हाती जवळजवळ काही लागलं नाही. चूक आमचीच. या घराण्यात पुढचं टोक सारखं असतं, मागचा दीडशे आम्लांचा भाग ज्याचा त्याचा. पूर्ण क्रम दिला की मागचा भाग गुण खाऊन टाकतो.

दुसऱ्या फेरीत पीफॅम या डोमेन-संग्रहातलं टेट-आर-एन प्रोफाइल (पीएफ००४४०, ४७ जागांचं) घेऊन एचएमएमसर्च (प्रोफाइलने शोधणारं साधन) चालवलं आणि 'कट-जीए' (त्या घराण्यासाठी ठरवलेली किमान गुणांची मर्यादा) पर्याय लावला. डझनभर नावं आली : एसीआर-आर, बेट-आय, फॅब-आर, नेम-आर, रुट-आर वगैरे. त्यात एसएलएम-ए सुद्धा. हा जनुकं चालू-बंद करणारा म्हणून ओळखला जात नाही. डीएनएवर बसून गुणसूत्राच्या अंगावर, चुकीच्या जागी एफटीएसझेडचं (पेशी विभागणारं प्रोटीन) कडं बनू नये याची राखण करतो. यादीत 'टेट-आर घराणं' दिसलं म्हणून वहीत 'रेग्युलेटर' लिहून टाकू नका. डोमेन एवढंच सांगतं की हा डीएनए धरेल. कुठला आणि कशासाठी ते मागच्या भागावरून आणि प्रयोगावरून ठरतं.

'कट-जीए' न लावता नुसत्या ई-व्हॅल्यूवर (योगायोगाने जुळण्याचा अंदाज) सोडलं तर शेपटीला इतर एचटीएचवाले डोकावतात. एचटीएच हा आकार लॅक-आय, लिस-आर, मार-आर सगळ्यांकडे आहे, पण त्यांची घराणी वेगळी.

५ मार्च

जनुक विकत घ्यायची गरज नाही. एक्सएल-१ ब्लू हा स्ट्रेन बहुतेक लॅबमध्ये असतो आणि त्याच्या एफ-प्राइम प्लास्मिडवर (पेशीतलं सुटं डीएनए-कडं) टीएन-१० बसलेला आहे. म्हणजे टेट-आर जनुक कॉलनीतच आहे. अट एकच, ताटलीत टेट्रासायक्लिन (१२.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि) हवं. साध्या एलबीवर (औषधाशिवायच्या माध्यमावर) बऱ्याच पिढ्या वाढवलेल्या कॉलनीतून एफ-प्राइम गळतो आणि पीसीआर रिकामा येतो. आमच्या पहिल्या सहा कॉलन्यांपैकी दोन रिकाम्या निघाल्या, कारण पॅच साध्या ताटलीवर केला होता.

कॉलनी काडीने ५० मायक्रोलिटर पाण्यात, ९५ अंशाला १० मिनिटं, फिरवून वरचं २ मायक्रोलिटर. ५२ अंशाला ॲनीलिंग, ३० फेऱ्या. बँड साधारण ६४० बेसवर, स्वच्छ.

१९ मार्च

लिगेशन (जनुक प्लास्मिडला जोडणं) फसलं. तीन वेळा. हातखंडा पद्धत म्हणून पीईटी-२१ए या व्हेक्टरमध्ये (जनुक वाहणारं प्लास्मिड) एनडीई-वन आणि एक्सएचओ-वन या कापणाऱ्या एन्झाइमांनी घालायला गेलो. कापलेला इन्सर्ट (आपलं जनुक) १ टक्का ॲगरोजवर बरोबर दिसायचा, पण ताटलीवर एकतर शून्य कॉलन्या, नाहीतर नुसतं बंद झालेलं व्हेक्टर.

कारण सापडलं ते जनुकाचा क्रम कागदावर छापून पेन्सिलने वाचताना. जनुकाच्या शेवटाकडे, १९३-१९५ या कोडॉनांवर, 'आयसोल्युसिन-आयसोल्युसिन-सिस्टीन' असं आहे. ते लिहिलंय 'एटीसी एटीए टीजीसी'. यातली मधली सहा अक्षरं, 'सीएटीएटीजी', म्हणजे एनडीई-वनची जागा. एन्झाइम जनुकाची शेपटीच कापत होतं. सुमारे ५८० चा तुकडा आणि पन्नासेकचा तुकडा. १ टक्का जेलवर ६४० आणि ५८० यांतला फरक डोळ्याला दिसत नाही आणि छोटा तुकडा जेलबाहेर पळालेला असतो. २ टक्क्यांवर चालवल्यावर लगेच दिसलं.

याच जनुकात अगदी सुरुवातीला, एटीजीनंतर लगेच 'टीसीटीएजीए' आहे, म्हणजे एक्सबीए-वन. ती जागाही वापरता येणार नाही. प्रायमर मागवण्याआधी वापरायच्या प्रत्येक एन्झाइमची जागा जनुकात शोधून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. आमचे तीन आठवडे आणि एक प्रायमर जोडी गेली.

४ एप्रिल

दुरुस्ती. टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली सहा हिस्टिडीन) पुढच्या टोकाला नको हे आधीच ठरलं होतं, कारण एचटीएच पहिल्या पन्नास आम्लांतच आहे. डीएनए धरणारी तिसरी हेलिक्स ३८ ते ४४ वर. सहा हिस्टिडीन आणि लिंकर तिथे लोंबवला तर पुढे शिफ्ट (प्रोटीन बसल्याने जेलवर डीएनएचा बँड वर सरकणं) आली नाही की कुणाला दोष द्यायचा हे कळत नाही. म्हणून टॅग मागे.

पीईटी-२८ए मध्ये एनसीओ-वन ते एक्सएचओ-वन घेतलं तर पुढचा टॅग आपोआप निघून जातो आणि मागे 'ल्युसिन-ग्लुटामेट-सहा हिस्टिडीन' राहतो. अडचण अशी की एनसीओ-वनला एटीजीनंतर 'जी' लागतो आणि इथे 'टी' आहे. उपाय, इन्सर्टवर पीसीआय-वनची जागा (एसीएटीजीटी) ठेवायची. त्याचं चिकट टोक एनसीओ-वनशी जुळतं आणि एटीजीनंतर 'टी' चालतो, एकही आम्ल बदलत नाही. उलट्या प्रायमरमध्ये स्टॉप कोडॉन ठेवू नका, नाहीतर टॅग वाचलाच जाणार नाही.

व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम, इन्सर्ट मोलर तिप्पट, १६ अंशाला रात्रभर. आठ कॉलन्यांपैकी पाच बरोबर, दोनचं सीक्वेन्सिंग दोन्ही बाजूंनी केलं, दोन्ही स्वच्छ.

२२ एप्रिल

मागवलेल्या बीएल-२१ (डीई-३) कॉम्पिटंट (बाहेरचा डीएनए आत घेणाऱ्या) पेशी मुंबईहून तिसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा डब्यात कोरड्या बर्फाचा पत्ता नव्हता, नळ्या कोमट. एप्रिलच्या उन्हात कुरियरची गाडी म्हणजे भट्टीच. पुरवठादाराने बदलून दिल्या, पण आठवडा गेला आणि दुसऱ्या वेळीही तेच होण्याची भीती. त्यांच्यातूनच स्ट्रीक करून घरच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पेशी बनवल्या : ओडी (गढूळपणा, म्हणजे पेशींची घनता) ०.४ ला थांबवून बर्फात, १०० मिलिमोलर थंड कॅल्शियम क्लोराइड, ३० मिनिटं, परत फिरवून १५ टक्के ग्लिसरॉलसह. उणे २० वर दोन आठवडे टिकतात, त्यापुढे झपाट्याने मरतात. तयार प्लास्मिड घालायला एवढ्या पुरतात, लिगेशनला नाही.

९ मे

पहिलं एक्सप्रेशन (पेशींकडून प्रोटीन बनवून घेणं). ३७ अंश, ०.५ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन), ३ तास. १५ टक्के जेलवर २४ किलोडाल्टनजवळ जाड बँड. सगळे खूश. मग फोडून फिरवलं तर बँड जवळजवळ पूर्ण गाळात, वरच्या पाण्यात पुसट रेघ. घडी नीट बसायच्या आत प्रोटीन साचतंय.

तापमान उतरवायला हवं, २० च्या आसपास. आणि बाहेर ४४. आमच्या शेकरला कूलिंग नाही. तो खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही आणि मे महिन्यात रात्री अकराला लॅबमध्ये ३४ असतात.

१७ मे

बर्फाच्या कारखान्यातून १० किलोची लादी आणून शेकरच्या तळाशी ट्रेमध्ये ठेवली. पहिला तास २६, तिसऱ्या तासाला ३१, मग लादी संपली. मोटर स्वतःच उष्णता ओतते. खर्च कमी, उपयोग शून्य. वर पाणी सांडून बेअरिंग गंजायची भीती.

शेवटी चाललं ते हे : बीओडी इन्क्युबेटर. प्रत्येक कॉलेजात असतो, त्याला कूलिंग असतं, हलवणी नसते. आत मॅग्नेटिक स्टरर ठेवला, २ लिटरच्या फ्लास्कमध्ये फक्त २५० मिलि मीडिया. स्टररची ताटली तापते म्हणून खाली थर्माकोलचा तुकडा आणि सेटिंग १८, फ्लास्कच्या आत २० मिळतं. थर्मामीटर फ्लास्कमध्ये बुडवून पाहा, दारावरच्या आकड्यावर जाऊ नका. (रावेर-सावद्याकडे केळी पिकवायच्या खोल्यांत १६-१८ अंश आरामात ठेवतात. इथे त्याच आकड्यासाठी एवढा खटाटोप.) हवा कमी मिळते, म्हणून पेशींची घनता शेकरच्या निम्मी येते. चार फ्लास्क म्हणजे १ लिटर, १६ तास, आयपीटीजी ०.१ मिलिमोलर. ओले पेशी ३.१ ग्रॅम. आता अर्ध्याहून जास्त टेट-आर वरच्या पाण्यात.

रात्री लाइट गेली तर बीओडीचं दार उघडू नका. दीड तासात आतलं तापमान तीनच अंश चढलं. स्टरर मात्र थांबतो आणि पेशी तळाशी बसतात, सकाळी ओडी कमी दिसला तर आधी फ्लास्क हलवून पाहा.

२६ मे

ही नोंद छोटी वाटेल, पण उन्हाळ्यात काम करणाऱ्याने नीट वाचावी. शुद्धीकरणाचा बफर ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ८.०. पीएच लावला दुपारी, बफर तेव्हा ३९ अंश. मग वापरला ४ अंशाला. ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८ ने सरकतो. थंड केलं की वाढतो. ३५ अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ १.०. आम्ही ८.० समजत होतो, कॉलमवर ९.० होता.

९.० ला टेट-आरमधली सिस्टीनं पटापट एकमेकांना डायसल्फाइडने जोडली जातात. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल न घालता जेल चालवलं तेव्हा ४८ जवळ जास्तीचा बँड दिसला, तो यामुळे. ४ अंशाला ८.० हवा असेल तर ३९ अंशाला ७.० ला लावा. त्याहून बरं, बाटली फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून थंड असतानाच तपासा आणि मीटरचे कॅलिब्रेशन बफरही तितकेच थंड घ्या.

जेलचंही तेच. मे महिन्यात ॲक्रिलामाइड पाच मिनिटांत गोठतं, कंगवा घालायच्या आत. मिश्रण बर्फात थंड करून घ्या आणि टेमेड निम्मं करा.

२ जुलै

पाऊस लागला, लॅब ३० वर आली, आता मोठं शुद्धीकरण. १ लिटरचे पेशी ३० मिलि बफरमध्ये : ट्रिस ५० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, इमिडाझोल (टॅगला निकेलवरून सोडवणारं) १०, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ५, ग्लिसरॉल ५ टक्के, पीएमएसएफ (प्रोटीन तोडणारी एन्झाइमं रोखणारं) १. फोडल्यावर शेंबडासारखं घट्ट झालं, म्हणून डीएनेज-वन (डीएनए कापणारं एन्झाइम) १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि आणि थोडं मॅग्नेशियम घालून पातळ केलं. (हे डीएनेज लक्षात ठेवा, सप्टेंबरमध्ये परत भेटेल.) निकेल रेझिन (टॅग धरणारे मणी) १ मिलि, २० इमिडाझोलने धुतलं, २५० ने सोडलं.

जेलवर एकच बँड, ९० टक्क्यांच्या वर शुद्ध. २८० नॅनोमीटरचं वाचन घेतलं, हिशोबाने २.१ मिलिग्रॅम प्रति मिलि. ब्रॅडफोर्डने (रंगाने प्रोटीन मोजायची रीत) ०.६. साडेतीन पट फरक. २६० पाहिलं तेव्हा उलगडलं : २६०/२८० गुणोत्तर १.४. स्वच्छ प्रोटीनचं ०.६ च्या आसपास असतं. म्हणजे नळीत पेशीच्या डीएनएचे तुकडे टेट-आरला धरून बसलेत. एसडीएस जेलवर ते दिसत नाहीत, कूमासी (जेलचा रंग) डीएनए रंगवत नाही.

डीएनए पकडणं हेच ज्याचं काम, तो १५० मिलिमोलर मिठात पेशीचा डीएनए सोडणार कशाला. हे घराणं शुद्ध करताना एसडीएस जेल पाहून 'शुद्ध' म्हणू नका, आधी २६०/२८० पाहा. ब्लँक इल्युशन बफरचाच घ्या, इमिडाझोल स्वतः २८० ला थोडं शोषतं. टेट-आरमध्ये ट्रिप्टोफॅन दोनच (४३ आणि ७५) आणि टायरोसिन तीन, म्हणून त्याचा गुणांक मुळातच कमी, एका साखळीला सुमारे १५,५००. थोडासा डीएनएही वाचन फुगवतो.

१४ जुलै

तीच नळी वाचवायचा प्रयत्न. निकेलवर परत बसवून १ मोलर मिठाने २० कॉलम-व्हॉल्युम धुतलं. गुणोत्तर ०.८ वर आलं. पुरेसं वाटलं.

मग घाई झाली. इमिडाझोल काढायला थेट ५० मिलिमोलर मिठाच्या बफरमध्ये डायलिसिस. सकाळी पिशवीत पांढरे धागे, प्रोटीन बसलेलं. निम्मं गेलं. टप्प्याने उतरवा आणि २०० मिलिमोलरच्या खाली नेऊच नका. शेवटी ठरलेला बफर : ट्रिस २०, मीठ २००, डीटीटी १, ग्लिसरॉल १० टक्के. साठवायला ग्लिसरॉल ५० टक्के करून उणे २० वर, ५० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत.

६ ऑगस्ट

प्रोब, म्हणजे शिफ्टसाठी बनवलेला डीएनएचा तुकडा. टेट-ओ-२ ऑपरेटर १९ बेसचा : टी सी सी सी टी ए टी सी ए · जी · टी जी ए टी ए जी ए जी ए. मधल्या 'जी'वर घडी घाला : डाव्या नऊचा उलट जोडीदार 'टी जी ए टी ए जी जी जी ए' येतो आणि उजवीकडे आहे 'टी जी ए टी ए जी ए जी ए'. एकाच अक्षराचा फरक. दोन अर्धे, दोन साखळ्या, प्रत्येक अर्ध्यावर एक एचटीएच. दोन्ही बाजूंना ११ बेस जोडून ४१ चा प्रोब मागवला आणि मधले १९ विस्कटून दुसरा, नियंत्रणासाठी.

असा सममित क्रम स्वतःवरच मुडपतो. पहिल्यांदा ९५ अंशाला तापवून थेट बर्फात टाकलं, जेलवर दोन बँड आले, खालचा हेअरपिन. प्रत्येक धागा आपलाआपण दुमडला, जोडीदाराला भेटलाच नाही. उपाय, १० मायक्रोमोलर सांद्रतेला, ५० मिलिमोलर मिठात, ९५ अंशाच्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात नळ्या ठेवून भांडं आपोआप थंड होऊ द्या. तीन-चार तास लागतात. विस्कटलेला प्रोब दुमडत नाही, त्यामुळे तो ठीक दिसला म्हणून दुसराही ठीक आहे असं धरू नका.

२० ऑगस्ट

पहिली शिफ्ट! २० मायक्रोलिटरमध्ये प्रोब १०० नॅनोमोलर (२ पिकोमोल, साधारण ५३ नॅनोग्रॅम, इथिडियमच्या रंगाने दिसायला पुरतो), सॅल्मन स्पर्म डीएनए ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, मीठ १००, ईडीटीए १, २० मिनिटं. ६ टक्के नेटिव्ह जेल, ०.५ एक्स टीबीई (ट्रिस-बोरेट-ईडीटीए), ८० व्होल्ट, पूर्ण टँक बर्फाच्या ट्रेमध्ये. ऑपरेटरवर बँड वर सरकला, विस्कटलेल्यावर नाही.

टेट्रासायक्लिन १० मायक्रोमोलर टाकलं, काही फरक नाही. ५० ला, १०० ला, तरी शिफ्ट जशीच्या तशी.

३ सप्टेंबर

कानबाईच्या (खानदेशातला श्रावणातला सण) सुट्टीनंतर उमगलं. टेट-आरच्या खिशात टेट्रासायक्लिन एकटं नीट बसत नाही, मॅग्नेशियमसोबत जोडीने बसतं. आमच्या बफरमध्ये ईडीटीए होतं, ते मॅग्नेशियम ओढून घेत होतं. ईडीटीए काढलं, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर घातलं.

आता जेलवर प्रोबच नाही. प्रोटीन घातलेल्या प्रत्येक लेनमध्ये फक्त धूर. प्रोटीन नसलेली लेन ठणठणीत.

जुलैचं डीएनेज. निकेलवर धुऊनही चिमूटभर मागे राहिलं होतं. त्याला काम करायला मॅग्नेशियम लागतं. आतापर्यंत ईडीटीएने ते झोपवून ठेवलं होतं, आम्ही उठवलं. म्हणजे ऑगस्टमधली शिफ्ट ईडीटीएच्या कृपेने दिसली आणि त्याच ईडीटीएने टेट्रासायक्लिनचं काम अडवलं. एका चुकीने दुसरी झाकली होती.

तपासायची सोपी रीत : प्रोबऐवजी कुठलंही प्लास्मिड आणि तुमचं प्रोटीन, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम, ३७ अंशाला १ तास, ॲगरोजवर. प्लास्मिड विरघळलं तर नळी फेका. प्रत्येक नव्या तयारीची आधी ही परीक्षा घ्या, नंतर शिफ्ट.

१९ सप्टेंबर

नवीन तयारी, डीएनेज अजिबात नाही. फोडायच्या बफरमध्ये सुरुवातीपासूनच मीठ १ मोलर. सोनिकेशन १० सेकंद चालू, २० बंद, एकूण ५ मिनिटं, बीकर बर्फ-मिठात. मग पॉलिइथिलिनइमिन ०.१ टक्का थेंबाथेंबाने, १० मिनिटं ढवळून १५,००० जी ला ३० मिनिटं. एवढ्या मिठात डीएनए पॉलिइथिलिनइमिनसोबत बसतो आणि टेट-आर वर राहतो. कमी मिठात केलंत तर टेट-आरही डीएनएसोबत तळाला जाईल. ५ मिलि चाचणीवर आम्ही तेही करून बसलो.

निकेलवर १ मोलर मिठाने ३० कॉलम-व्हॉल्युम. सोडल्यावर गुणोत्तर ०.६१. ब्रॅडफोर्ड आणि २८० आता १० टक्क्यांच्या आत जुळतात. १ लिटरमागे ७ मिलिग्रॅम. प्लास्मिड परीक्षा पास.

२५ सप्टेंबर

जेल आणि टँक दोन्हीत ट्रिस-बोरेट, ईडीटीएशिवाय, मॅग्नेशियम १ मिलिमोलर. असं जेल टीबीईपेक्षा जास्त तापतं, ६० व्होल्टवर चालवा, अडीच तास. टेट्रासायक्लिन नसलेल्या लेनमध्ये बँड वर, १० मायक्रोमोलर टाकलेल्या लेनमध्ये सगळा प्रोब खाली, मोकळा. टेट्रासायक्लिनचा स्टॉक ७० टक्के इथेनॉलमध्ये, फॉइल गुंडाळून. उजेडात ठेवलेला तपकिरी झाला होता आणि त्याने निम्माच प्रोब सुटला. नुसत्या इथेनॉलची एक लेन जरूर ठेवा.

आतलं कारण एका वाक्यात : औषध बसलं की सहाव्या हेलिक्सचं टोक उसवतं, चौथी हेलिक्स लंबकासारखी ढळते आणि दोन्ही बाजूंचे एचटीएच एकमेकांपासून काही अँगस्ट्रॉम लांब जातात, मग डीएनएच्या खाचांत एकाच वेळी बसत नाहीत.

७ ऑक्टोबर

टायट्रेशन. प्रोब १०० नॅनोमोलर पक्का, टेट-आर डायमर (दोन साखळ्यांची जोडी) ०, २५, ५०, ७५, १००, १५०, २००, ३००. यावरून कुणी केडी (पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा) काढू नये. टेट-आरची ऑपरेटरवरची पकड नॅनोमोलरच्याही खाली आहे आणि इथिडियमने दिसण्यासाठी प्रोबच १०० ठेवावा लागतो. अशा स्थितीत जितके डायमर टाकाल तितके प्रोब वर जातात, रेषा सरळ चढते आणि मोडते. मोडते तो आकडा केडी नाही, तुमच्या नळीतले किती डायमर धड आहेत ते सांगतो. जुलैच्या तयारीत (ईडीटीए घालून) मोकळा प्रोब ३०० ला संपला, म्हणजे तिसराच हिस्सा कामाचा. सप्टेंबरच्या तयारीत १३० ला, म्हणजे पाऊण. मोजणी डायमरने करा, साखळीने नाही, नाहीतर दुपटीची चूक हमखास.

घराण्यातल्या दुसऱ्या सदस्यावर हेच करणार असाल तर एक डायमर-एक ऑपरेटर धरून चालू नका. स्टॅफिलोकॉकसचा क्यूएसी-आर त्याच घडणीचा आहे, पण त्याच्या २८ बेसच्या जागेवर दोन डायमर बसतात. तिथे बँडही वेगळ्या उंचीवर येईल.

२४ नोव्हेंबर

दिवाळीनंतर एक प्रयोग, जो करायला नको होता. सामाईक डोमेन एवढंच तर हवंय, मग पहिली ६६ आम्लंच का बनवू नयेत? बनवली, मागे टॅग. सुमारे ८.५ किलोडाल्टन, साध्या जेलवर रंगाच्या आघाडीत हरवतो, ट्रायसिन जेल लागलं. बहुतांश गाळात, थोडं पाण्यात. २० मायक्रोमोलरपर्यंत शिफ्ट नाही. वर गेल्यावर जे दिसलं ते ऑपरेटर आणि विस्कटलेल्या प्रोबवर सारखंच, म्हणजे नुसती चिकटणूक.

कारण सरळ आहे. दोन साखळ्यांना जोडणारी गाठ मागच्या भागात आहे, आठव्या आणि दहाव्या हेलिक्सनी मिळून बनलेली. ती कापली की दोन एचटीएच योग्य अंतरावर धरायला कुणी उरत नाही. डोमेन सामाईक असलं तरी एकटं कामाचं नाही. दोन आठवडे आणि ट्रायसिन गेले. थंडी पडल्यामुळे २० अंशाचं एक्सप्रेशन मात्र बीओडीशिवाय, उघड्या शेकरवर झालं. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात रात्री पहिल्यांदा शेकर वाढीच्या बाजूने तापवावा लागतो.

१५ डिसेंबर

खर्च, आमच्या बिलांवरून, ढोबळ : प्रायमर आणि प्रोब मिळून साधारण ७ हजार, त्यातले सुमारे दीड हजार एनडीई-वनच्या चुकीचे. सीक्वेन्सिंग दोन हजार. एन्झाइम आणि लिगेज ११ हजार. निकेल रेझिन ८ हजार, ते पाच वेळा वापरलं. डीटीटीने निकेल तपकिरी होतं, म्हणून कॉलमवर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलच. आयपीटीजी, ॲक्रिलामाइड, बाकी रसायनं ९ हजार. बर्फ सहाशे.

वेळ : दहा महिने. उन्हाळा टाळून सप्टेंबरची पद्धत पहिल्या दिवसापासून वापरली असती तर आमच्या अंदाजाने दहा आठवडे.

उणे २० वरच्या सप्टेंबरच्या नळीची आज परत परीक्षा घेतली. तीन महिन्यांनी मोडण्याचा आकडा १३० वरून १६० ला आला. पुढची पाळी एसीआर-आरची. त्याचा ऑपरेटरही सममित आहे, त्यामुळे प्रोब हळू थंड करायचं भांडं धुऊन तयार ठेवलंय.